मुठीवरचे ठिपके

मॅगझीन खाली पडलं नाही.

पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून मी ते सरळ धरलं, बटण दाबलं आणि खाली दुसरा हात पसरून थांबलो. मॅगझीन अर्ध्यावर आलं आणि अडकलं. पुन्हा आत सारलं, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. बोटानं ओढल्यावर आलं, पण खरवडत आलं.

ज्यांचा या वस्तूंशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅगझीन म्हणजे गोळ्यांची डबी. ती पिस्तुलाच्या मुठीत खालून आत जाते. गोळ्या संपल्या की बटण दाबायचं, रिकामी डबी स्वतःच्या वजनानं खाली पडते आणि भरलेली वर ढकलायची. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. डबी अडकली तर पिस्तूलवाला ती उपटत बसतो, आणि समोरचा माणूस तोवर थांबत नाही.

मी पोलीस खात्यात आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे हत्यारांचा मेकॅनिक. आयुष्यातली बरीच वर्षं गडचिरोलीच्या जंगलातल्या ठाण्यांत गेली. ही गोष्ट मुलचेऱ्याच्या पुढच्या भागातल्या एका पोलीस मदत केंद्रातली. केंद्राचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत, कारण ती अजून नोकरीत आहेत. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, ऑगस्टचा महिना होता, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हत्यारांचं इन्स्पेक्शन होतं. जिल्ह्याहून वरिष्ठ अधिकारी मॅडम येणार होत्या. म्हणून मी कोतात, म्हणजे आमच्या शस्त्रागारात, सकाळपासून एकेक हत्यार तपासत बसलो होतो.

पिस्तूल खिडकीच्या उजेडात धरलं. हे पिस्तूल पॉलिमरचं, म्हणजे वरचा भाग लोखंडी आणि मूठ व खालचा सांगाडा कडक प्लास्टिकचा. कंपनीकडून येतं तेव्हा मुठीवर बारीक चौकटी असतात, हाताला जेमतेम जाणवतात. या मुठीवर ठिपके होते. मोहरीएवढे शेकडो खळगे, एकाला लागून एक, प्रत्येकाची कड जराशी वर आलेली. एका बाजूला पसरट पट्टा, दुसऱ्या बाजूला तीन वेगवेगळे पुंजके. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते ‘वा’. हात पक्का बसल्याशिवाय इतकं एकसारखं काम होत नाही.

मग टॉर्च लावून मुठीच्या आत पाहिलं आणि डोकं तापलं. आतल्या भिंतीला तीन ठिकाणी फुगवटे आले होते. मुठीची भिंत किती जाड? जाडसर पुठ्ठ्याएवढी. बाहेरून तापलेलं टोक जास्त खोल गेलं की प्लास्टिक आत फुगतं. डबी त्याच फुगवट्यांवर घासत होती.

काम सोल्डरिंग आयर्ननं, म्हणजे वायरी जोडायच्या तापत्या टोकाच्या अवजारानं, झालं होतं हे उघड होतं. मोबाईलवर असे व्हिडिओ ढिगानं असतात, परदेशात लोक स्वतःच्या पिस्तुलावर हौसेनं करतात. पण हे पिस्तूल सरकारी. केंद्रात सोल्डरिंग आयर्न एकच होतं आणि ते माझ्या टूलबॉक्समध्ये होतं. काढून पाहिलं. टोकाला काळ्या प्लास्टिकचा गोळा चिकटलेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

चार दिवसांपूर्वी ते रवी पचारे मागून घेऊन गेला होता. रवी आमचा शिपाई, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. वैनगंगेच्या काठच्या गावचा, बाप अजून नदीत आणि गावच्या तलावात मासे मारतो. त्या घरातला हा पहिला सरकारी नोकर. हाताचा इतका हुशार की कुणाचा मोबाईल बिघडो, कुणाचा बूट उसवो, लोक रवीकडे जायचे. मी त्याला बोलावून घेतलं आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं.

“हे तू केलं?”

“होय भाऊ.”

“माह्या आयर्ननं?”

“होय. हेडफोनची वायर जोडतो म्हटलं होतं, ते खोटं होतं.”

मी नंबर रजिस्टरशी जुळवला. पिस्तूल उपनिरीक्षक देशमाने साहेबांच्या नावावर होतं. देशमाने आमच्या केंद्राचे प्रभारी अधिकारी, साताऱ्याकडचे. तिशीतला तडफदार माणूस.

“साहेबाले माईत हाय?”

रवी जमिनीकडे पाहू लागला. “तुमी माहं नाव लिवा, भाऊ. माह्याच हातानं झालं ना.”

“मी इचारलं काय अन् तू सांगून काय राह्यला?”

मी त्याला घालवून दिलं. सरकारी हत्याराच्या रचनेत फेरफार करणं ही साधी चूक नाही. परवानगीशिवाय केलं तर सस्पेन्शन, चौकशी, आणि चौकशी वाईट गेली तर घरी. रवीला ते कळत नव्हतं असं नाही. कळत असूनही तो मान पुढे करत होता, याचाच मला जास्त राग आला.

पिस्तूल कापडात गुंडाळून मी साहेबांच्या खोलीत गेलो. ते दुसऱ्या दिवशीची तयारी करत होते. मी मॅगझीन अडकतं ते दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ठिपके पाहून त्यांना काही नवल वाटलं नाही. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

“आतून जरा घासून घ्या ना, रामटेके. उद्यापुरतं.”

“नाही जमणार, साहेब. बाहेरून खळगे, आतून घासायचं, मग मधे राहतं काय? चालवताना मूठ तडकेल.”

“मग रिपोर्टात काय लिहिणार?”

“आहे ते.”

ते खुर्चीत मागे टेकले. “पचारेनं केलंय ना?”

“त्यानं कबूल केलंय.”

“मग तसं लिहा. मला काही कल्पना नव्हती.”

“साहेब, पिस्तूल तुमच्या कमरेला असतं.”

“रोज असतं का? मी मधे दोन दिवस जिल्ह्याला मीटिंगला होतो. पिस्तूल कोतात जमा होतं. किल्ली कुणाकडे असते?”

किल्ली माझ्याकडे असते. आयर्न माझं, किल्ली माझी. साहेब आवाज न चढवता बोलले, पण माझी पाचावर धारण बसली. निवृत्तीला उरलेले चौदा महिने एकदम डोळ्यांसमोर आले. चौकशी लागली की पेन्शनची फाईल अडकते, हे खात्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी “ठीक आहे साहेब” म्हटलं आणि बाहेर आलो.

कोतात येऊन रिपोर्ट लिहिला. हत्याराचा नंबर, बिघाडाचं वर्णन, हत्यार वापरास अयोग्य. आणि खाली: सदर फेरफार पोलीस शिपाई पचारे यांनी केल्याचे त्यांनी मान्य केले आहे. प्रत्येक शब्द खरा होता. सही केली तेव्हा स्वतःचीच किळस आली. तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की हत्याराशी खोटं बोलू नका, आणि स्वतः असं खरं लिहिलं की खोट्यालाही लाज वाटावी.

चारच्या सुमाराला रवी पुन्हा आला. पाऊस थांबला होता, अंगाला चिकट घाम होता. त्यानं रिपोर्टाचं विचारलं नाही. नुसता दारात उभा राहिला. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी पिस्तूल पुढे केलं.

“एक सांग. इकडून एवढा पसरट पट्टा अन् तिकडून तीन पुंजके, हे असं काऊन? सारीकडे सारखं काऊन नाई केलं?”

कामाचं विचारल्यावर त्याचा चेहरा जरा मोकळा झाला.

“आमच्याकडं डोंग्याचा बांबू असाच करतेत, भाऊ. पान्यात डोंगा ढकलाचा बांबू वल्ला होते, हातातून सटकते. तं माहा बाप काय करते, हाताले कोळसा लावते अन् बांबू दाबून धरते. हाताचा छापा उमटते. मंग सळई तापवून छाप्यावर छाप्यावर ठिपके देते. सारा बांबू जाळला तं तो कमजोर होते ना. जिथी हात पडते तेवढाच जाळाचा. बापाचा बांबू येगळा, काकाचा येगळा. अंधारात बी हातात घेतला का समजते आपला का दुसऱ्याचा.”

“अन् हे?”

“हे बी तसंच. खडू लावला, मूठ धरा म्हटलं, छापा पडला.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. खडू कुणाच्या हाताला लावला, हे विचारायची गरज नव्हती. मी मूठ उजव्या हातात धरून पाहिली. बोटांची टोकं पट्ट्याच्या बाजूला पडली, पुंजके तळव्याखाली दडले. डाव्या हातात घेतली, तर बोटं पुंजक्यांच्या बाजूला गेली, पण एकेक पेर अलीकडेच संपली. माझी बोटं आखूड आहेत. पुंजके लांब बोटांच्या, डावखुऱ्या माणसाचे होते. आमच्या केंद्रात डावखुरा माणूस एकच.

रवीची चूक कुठे झाली तेही कळलं. बांबूची भिंत जाड असते, आणि बांबू जळतो, वितळत नाही. सळई किती दाबायची याचा अंदाज त्याच्या हातात बापाकडून आला होता. तोच अंदाज त्यानं प्लास्टिकला लावला.

“रवी, साहेबांनी सांगितलं म्हणून केलं ना?”

“नाल्यात उतरलो तवा त्याहिच्या हातातून दोनदा सटकलं, भाऊ. मोबाईलवर दाखवलं, असं करता येईल का म्हणे. मी हो म्हटलं. मले वाटलं जमते.”

“मग उद्या मॅडमले सांग.”

“नाई.”

“काऊन?”

“माह्या बापाले लकवा मारला तवा रस्ते बंद होते. साहेबानं ठाण्याची गाडी देल्ली, सोता संगं बसून चंद्रपूरले नेलं. बाप आज चालून राह्यला तो त्याहिच्यामुळं. मी त्याहिचं नाव नाई घेनार. तुमीबी घेऊ नोका, भाऊ. तुमाले हात जोडतो.”

त्यानं खरंच हात जोडले. मी त्याला शब्द दिला नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्या रिपोर्टात त्याचं एकट्याचं नाव होतं आणि तो मलाच विनवत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम साडेदहालाच आल्या. चिखलानं भरलेले बूट, बारीक चण, बोलणं कमी. सगळी हत्यारं ताडपत्रीवर मांडली होती. आम्ही रांगेत उभे. रायफली झाल्या, एक-दोन ठिकाणी गंज निघाला, तेवढ्यावर काही बोलल्या नाहीत. मग ते पिस्तूल. त्यांनी बटण दाबलं. डबी अर्ध्यावर अडकली. त्यांनी माझा रिपोर्ट वाचला. उभ्या उभ्या, सावकाश, दोनदा.

“पचारे कोण?”

रवी पुढे आला.

“कशासाठी केलं?”

“घसरत होतं, मॅडम.”

“कुणाच्या हातातून?”

रवी आणखी ताठ उभा राहिला. शेजारी देशमाने साहेब सरळ समोर बघत उभे होते.

“तुझ्या?”

“होय, मॅडम.”

“तुला पिस्तूल इश्यू आहे?”

“नाई, मॅडम. रायफल हाय.”

“मग दुसऱ्याचं पिस्तूल तुझ्या हातातून कसं घसरतं?”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग कागद माझ्यासमोर धरला.

“आर्मोरर, हा रिपोर्ट तुमचा. पूर्ण आहे?”

खोटं आहे का असं विचारलं असतं तर मी नाही म्हणून मोकळा झालो असतो, इतकी तयारी रात्रभर केली होती. पूर्ण आहे का, या प्रश्नाची तयारी केली नव्हती. रवी माझ्याकडे बघतोय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. कोताची किल्ली खिशात मांडीला टोचत होती.

“नाही, मॅडम.”

“काय राहिलं?”

“हे ठिपके एका माणसाच्या मुठीच्या मापानं केलेत. हाताला खडू लावून, छापा घेऊन. तो हात पचारेचा नाही.”

त्यांनी पिस्तूल रवीच्या हातात दिलं. तो उजव्या हाताचा आहे. त्यानं धरलं, आणि पुंजके तळव्याखाली दडले, बोटं भलतीकडेच. त्यांनी ते परत घेतलं आणि देशमाने साहेबांसमोर धरलं.

साहेबांचा डावा हात वर आला. अर्ध्यावर थांबला. खाली गेला. मग त्यांनी उजवा हात पुढे करून पिस्तूल घेतलं.

मॅडमनी त्यांच्या हाताकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर साहेबांच्या कमरेवर गेली. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं चामडी घर, डाव्या बाजूला लटकत होतं. त्या तिकडे बघत थांबल्या.

साहेबांनी पिस्तूल डाव्या हातात घेतलं. ट्रिगरचं बोट सोडून बाकीची तिन्ही बोटं तीन पुंजक्यांवर बसली. एकही टोक बाहेर नाही. तळवा पट्ट्यावर असा टेकला की रवीच्या बापानंही मान डोलवली असती.

“मीच सांगितलं होतं, मॅडम,” साहेब म्हणाले. “पचारेनं माझ्या सांगण्यावरून केलं.”

मॅडम म्हणाल्या, “लिहून द्या.” आणि पुढच्या हत्याराकडे वळल्या.

त्यापुढचं थोडक्यात. पिस्तूल डेपोला गेलं आणि परत आलं नाही. वितळलेल्या प्लास्टिकवर इलाज नसतो. रवीला सक्त ताकीद मिळाली, नोकरी राहिली. साहेबांचा खुलासा मागवला गेला आणि दोन महिन्यांत बदली झाली. मला मेमो मिळाला, दोन कारणांसाठी: अवजार बेजबाबदारपणे देणं, आणि अपुरा रिपोर्ट. दोन्ही खरी होती. पेन्शन वेळेवर लागली. तो घोर उगाच लावून घेतला होता.

जाण्याच्या दिवशी देशमाने साहेब कोतात आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, “तुम्ही पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असता रामटेके, तर मी त्या पोरासमोर उजवा हात पुढे केला नसता.” मला तेव्हा ते बोलणं निलाजरं वाटलं. स्वतः खोटं सांगायला लावलं आणि वर मलाच दोष. आता तितकं वाटत नाही. मी घाबरलो हे पाहून त्यांची हिंमत वाढली होती, एवढं तर खरं आहे.

रवी माझ्याशी दीड महिना बोलला नाही. हत्यार जमा करायला यायचा, सही करायचा, जायचा. एके दिवशी बंदूक ताडपत्रीवर ठेवता ठेवता म्हणाला, “तुमी सांगतलं नसतं तं साहेब आज इथीच असते.”

“अन् तू नसता,” मी म्हटलं.

“माहं मी पायलं असतं, भाऊ.”

त्याच्या बापाला चंद्रपूरला नेणारा माणूस मी नव्हतो. मी होतो तो रिपोर्टात त्याचं एकट्याचं नाव लिहिणारा माणूस, आणि हे त्याला कधी विसरता येईल असं मला वाटत नाही.

निवृत्तीनंतरही ट्रेनिंगला बोलावतात तेव्हा नव्या आर्मोरर पोरांना मी ही गोष्ट नावं गाळून सांगतो. ते विचारतात, सर, शिकायचं काय? मी सांगतो, प्लास्टिकला आयर्न लावू नका, हे तर आलंच. दुसरं असं की हत्यार ज्याच्या नावावर इश्यू आहे त्याचं नाव रिपोर्टात सगळ्यात आधी लिहा, मग ज्यानं हात लावला त्याचं. हा क्रम फॉर्मवर पहिल्यापासून छापलेला आहे. त्या दिवशी मी वरचा रकाना रिकामा सोडला होता.